दूरचे दुसरे घर

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पेढीवर नव्या वहीची पूजा होते. वहीवर कुंकवाचे स्वस्तिक निघते, पहिल्या पानावर 'श्री' लिहितात, आणि घटकाभर शेअरबाजारातही मुहूर्ताचे सौदे होतात. हे सौदे आता ज्या वहीत लिहिले जातात ती वही कोठे असते, आणि ती ऐन वेळी मिटली तर पुढचे पान कोण उघडतो, हा प्रश्न करंजी खाताना सहसा कोणाला पडत नाही. मला तो पडतो याला कारण माझी नोकरी. एका बँकेच्या संगणक विभागात माझी बरीच वर्षे गेली. फावल्या वेळचा छंद म्हणाल तर मराठ्यांच्या इतिहासाचा. या दोन्ही गोष्टी एकाच लेखात आलेल्या पाहून वाचकांना थोडे चमत्कारिक वाटेल. पण त्यांनी जिंजीपर्यंत धीर धरावा, एवढीच विनंती.

मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात, म्हणजे ज्याला आपण एनएसई म्हणतो तेथे, शेअरांचे सौदे सुरू झाले ते ३ नोव्हेंबर १९९४ रोजी. त्या दिवशी आश्विन अमावास्या होती. तोवर मुंबईत शेअरांचा व्यवहार म्हटला म्हणजे दलाल स्ट्रीटवरचे रिंगण, हातवारे, आरडाओरडा आणि कागदाच्या चिठ्ठ्या. एका दृष्टीने ती व्यवस्था मोठी चिवट होती. १२ मार्च १९९३ रोजी त्या इमारतीच्या तळघरात बॉम्बस्फोट झाला, माणसे दगावली; तरी बाजाराची स्मृती नष्ट झाली नाही, कारण ती शेकडो दलालांच्या डोक्यांत आणि खिशांत वाटलेली होती. नव्या बाजाराने रिंगण मोडले. सौदा घालणारा देशाच्या कोठल्याही गावी बसलेला असो, त्याची मागणी उपग्रहामार्फत मुंबईतल्या यंत्राकडे जाऊ लागली. सोय झाली, पारदर्शकता आली. पण सगळी स्मृती एका खोलीत आली. पुढे हा बाजार वांद्रे-कुर्ला संकुलात, मिठी नदीच्या शेजारी राहावयास आला. त्याच नदीने २६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा, काय केले हे मुंबईकरांना सांगावयास नको.

म्हणून या बाजाराने दुसरे घर केले आहे. ते चेन्नईला आहे. तेथेही तशीच यंत्रे, तीच वही, आणि वहीत मुंबईहून सतत उतरणारी नोंद. मुंबईचे घर बसले तर चेन्नईने काम उचलावयाचे. या उचलण्यालाच संगणकाच्या धंद्यात 'फेलओव्हर' म्हणतात. शब्द नवा, कल्पना जुनी. आणि दिसते तितकी सोपी मुळीच नाही.

यंत्रांच्या जगात तिची सुरुवात झाली ती भीतीपोटी. अमेरिकेला रशियन बॉम्बफेकी विमानांचे भय वाटत होते, तेव्हा आकाशावर पहारा ठेवण्यासाठी तिने 'सेज' नावाची यंत्रणा उभारली. १९५८ साली न्यू जर्सीतील मॅग्वायरच्या तळावर तिचे पहिले केंद्र सुरू झाले. प्रत्येक केंद्रात एक नव्हे, दोन अजस्र गणकयंत्रे असत. जोडीचे वजन सुमारे २५० टन आणि तिच्यात सुमारे ४९,००० निर्वात नळ्या. इतक्या नळ्यांपैकी एखादी रोज जाणारच. तेव्हा एक यंत्र पहाऱ्यावर आणि दुसरे तयारीत, अशी पाळी लावलेली असे. पुढे १९६४ च्या सुमारास अमेरिकन एअरलाइन्सच्या 'सेबर' या तिकीट-आरक्षणाच्या यंत्रणेनेही हाच मार्ग धरला. न्यूयॉर्कनजीक ब्रायरक्लिफ मॅनर येथे आयबीएमची दोन यंत्रे, एक कामाला आणि एक राखीव.

यात एक उणीव चटकन ध्यानात येते. जोडीतली दोन्ही यंत्रे एकाच छपराखाली! नळी गेली तर दुसरे यंत्र उपयोगी; आग लागली तर दोन्ही जळणार. आपल्या बायका देवघरातल्या समईत दोन वाती लावतात त्यातला हा प्रकार झाला. एक विझली तरी दुसरी तेवते. पण समईच कलंडली तर दोन्ही गेल्या. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत फिलाडेल्फियासारख्या शहरी एक नवा धंदा सुरू झाला तो याच जाणिवेतून. निराळ्या इमारतीत तयार यंत्रे मांडून ठेवावयाची आणि अनेक कंपन्यांकडून वर्गणी घ्यावयाची. ज्याचे घर जळेल त्याने तेथे यावे. धर्मशाळाच म्हणा ना! परंतु तेथे जाताना गाठोडे आपले आपण न्यावे लागे. म्हणजे चुंबकीय फितींवरची काल रात्रीची नक्कल गाडीत घालून आणावयाची. आजचा दिवस हिशेबातून गेलाच.

शहरातच, पण निराळ्या इमारतीत, एवढे अंतर पुरते का? याचे उत्तर ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कने दिले. काही वित्तसंस्थांची पहिली आणि दुसरी अशी दोन्ही घरे दक्षिण मॅनहॅटनच्या एकाच टापूत होती. आणि निराळ्या वाटांनी गेलेल्या म्हणून ज्या तारांवर भरवसा होता, त्या एकाच टेलिफोन-इमारतीतून जात होत्या. ती इमारत शेजारच्या गगनचुंबी इमारतीच्या ढिगाऱ्याने खिळखिळी झाली. न्यूयॉर्कचा मुख्य शेअरबाजार १७ सप्टेंबरपर्यंत उघडू शकला नाही. उलट एक उदाहरण आहे ते मला फार आवडते. कापूस, कॉफी, साखर, कोको यांचे सौदे करणारा न्यूयॉर्क बोर्ड ऑफ ट्रेड हा बाजार जुळ्या मनोऱ्यांच्याच आवारात होता. १९९३ साली त्याच मनोऱ्यांच्या तळघरात पहिला बॉम्ब फुटला होता. त्यातून धडा घेऊन या मंडळींनी नदीपलीकडे क्वीन्स भागात जागा भाड्याने घेतली आणि तेथे रिंगणे बांधून ठेवली. वर्षानुवर्षे त्या रिकाम्या रिंगणांचे भाडे भरणे कोणाला तरी हिशेबात खटकले असेलच. २००१ साली मूळ जागा नाहीशी झाली, आणि हा बाजार पुन्हा भरला तो त्या अडगळीच्या जागेत.

तेव्हा दुसरे घर दूर हवे, हे सिद्ध झाले. किती दूर? येथून खरी पंचाईत सुरू होते.

२००२ साली अमेरिकन सरकारच्या वित्तखात्यांनी एक मसुदा काढला. त्यात दोन-तीनशे मैलांच्या अंतराची भाषा होती. बँकांनी ओरड केली. ती केवळ खर्चाची होती असे समजू नये. तिच्या मुळाशी निसर्गाचा एक नियम होता. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. ऐकावयास हे प्रचंड वाटते. पण मुंबई-चेन्नई अंतर सरळ रेषेत हजार किलोमीटरांहून थोडे अधिक आहे. म्हणजे 'एवढे लिहून घे' असे मुंबईने म्हणावयाचे आणि 'लिहिले' असे चेन्नईने कळवावयाचे, यात सेकंदाचा किमान शंभरावा भाग गेला. तारा सरळ रेषेत कधीच जात नाहीत, म्हणून प्रत्यक्षात अधिकच. माणसाची पापणीही इतक्यात लवत नाही हे खरे. परंतु जेथे सेकंदाला हजारो सौदे पडतात तेथे प्रत्येक सौद्याने चेन्नईच्या होकाराची वाट पाहावी म्हटले तर बाजार रांगू लागेल. मग व्यवहारात काय करतात? मुंबई वाट न पाहता पुढे लिहीत राहते आणि चेन्नईची वही मागाहून भरत येते. दोन वह्यांत नेहमी थोडे अंतर राहते. मुंबई अचानक बसली तर त्या अंतरातले सौदे चेन्नईला ठाऊकच नसतात.

घर जवळ असले तर वही तंतोतंत, पण दोन्ही घरे एकाच पुरात बुडण्याची धास्ती. दूर असले तर पुराची धास्ती नाही, पण वहीची शेवटची ओळ कोरी. यावर तोड म्हणून मोठ्या संस्था तीन जागा करतात. एक मुख्य, एक शहरातच जवळ, वही तंतोतंत ठेवणारी. आणि एक शेकडो कोस दूर, घर चालवणारी. अमेरिकेत २००३ साली अंतिम निर्देश निघाले तेव्हा त्यांत मैलांचा आकडा घातलाच नाही.

आता जिंजी. १६८९ च्या प्रारंभी संभाजी महाराज मोगलांच्या हाती सापडले आणि ११ मार्च रोजी त्यांची हत्या झाली. रायगडाला वेढा पडत होता. राजाराम महाराजांचे मंचकारोहण झाले होते. राणी येसूबाई आणि बाळ शाहू गडावर होते. राजघराण्याने एकाच गडावर अडकून पडू नये, राजारामांनी बाहेर पडावे, हा सल्ला येसूबाईंनी दिला असे परंपरा सांगते. राजाराम एप्रिलमध्ये निघाले आणि नोव्हेंबरात, वेष पालटत, बिदनूरच्या राणी चेन्नम्मांच्या साहाय्याने जिंजीला पोहोचले. त्याच सुमारास रायगड पडला आणि येसूबाई-शाहू कैद झाले. जिंजीचा किल्ला थोरल्या महाराजांनी १६७७ च्या दक्षिण मोहिमेत घेऊन मजबूत करून ठेवला होता. रायगडापासून तो सरळ रेषेत नऊशे किलोमीटरांहून अधिक दूर. आणि आजच्या चेन्नईपासून फारसा लांब नव्हे. शेअरबाजाराचे दुसरे घर आणि स्वराज्याचे दुसरे घर एकाच दिशेला निघावे हा योगायोग खरा. पण माझ्यासारख्याला त्यावरून हलता येत नाही.

मला कुतूहल आहे ते राज्य तेथून चालले कसे याचे. जिंजीहून महाराष्ट्रात पत्र यावयास कित्येक आठवडे लागत आणि वाटेत शत्रू. दूरच्या घराची सगळी अडचण येथे प्रकाशाच्या नव्हे, तर जासुदाच्या गतीने उभी आहे. म्हणून राजारामांनी महाराष्ट्रातला कारभार रामचंद्रपंत अमात्यांवर सोपवला, त्यांना 'हुकूमतपन्हा' हा किताब दिला. धन्याची आज्ञा येण्याची वाट न पाहता निर्णय घेण्याचा अधिकार दिला. शंकराजी नारायण, संताजी, धनाजी यांच्या हालचाली ज्या वेगाने झाल्या, त्या या मोकळिकीवाचून झाल्या नसत्या. जिंजी पडली १६९८ साली. तोवर राजाराम तेथून निसटले होते; पुढे ते महाराष्ट्रात परतले. राज्य वाचले.

पण याला दुसरीही बाजू आहे. जिंजीहून वतनांच्या सनदा निघत होत्या, इकडे महाराष्ट्रातूनही निघत होत्या. एकाच वतनाचे दोन धनी आपापला कागद घेऊन भांडू लागले. आणि १७०७ साली शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले तेव्हा तर दोन गाद्याच समोरासमोर उभ्या राहिल्या. ताराबाईंच्या दृष्टीने शाहूंचा हक्क संपला होता. शाहूंच्या दृष्टीने तो कधी संपलाच नव्हता. खेडला लढाई झाली. साताऱ्याची गादी आणि कोल्हापूरची गादी यांतला वाद मिटावयास १७३१ चा वारणेचा तह उजाडावा लागला.

संगणकवाले याच रोगाला 'मेंदू दुभंगणे' म्हणतात. पहिले घर खरोखर मेलेले नसते; फक्त त्याच्याशी बोलणे तुटलेले असते. दुसरे घर समजते, ते गेले. आणि स्वतः गादीवर बसते. दोघेही आपापल्या वहीत लिहू लागतात. पुढे तार जुळते आणि दोन वह्या एकमेकींकडे पाहत राहतात.

याचे अलीकडचे ठळक उदाहरण २१ ऑक्टोबर २०१८ चे. जगभरचे प्रोग्रॅमर आपले काम जेथे ठेवतात त्या गिटहब या संस्थेची यंत्रे अमेरिकेच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवर होती. पूर्वेकडे तारांच्या एका उपकरणाची बदली करताना संपर्क तुटला. किती वेळ? त्रेचाळीस सेकंद. तेवढ्यात देखरेख करणाऱ्या यंत्रणेने पूर्वेला मृत समजून पश्चिमेला गादीवर बसवले. पण पूर्वेकडच्या वहीत असे काही लिहिले गेले होते की जे पश्चिमेला पोहोचले नव्हते; एका मोठ्या वहीत अशा ९५४ नोंदी निघाल्या. आणि आता पश्चिमेच्या वहीतही नव्या नोंदी पडू लागल्या होत्या. एकही नोंद टाकून द्यावयाची नाही, मग सेवा कितीही मंदावली तरी चालेल, असे त्या मंडळींनी ठरवले. सगळे पूर्ववत् व्हावयास चोवीस तास आणि अकरा मिनिटे लागली. त्रेचाळीस सेकंदांच्या मानाने ही किंमत भारी, असे कोणी म्हणेल. मी बँकेतला माणूस. माझ्या मते त्यांनी योग्य केले. उशिरा मिळालेला हिशेब चालतो, खोटा चालत नाही.

कोण मेले आणि कोण जिवंत हे दोघांत ठरत नाही, म्हणून तिसरा लागतो. हे शास्त्रशुद्ध रीतीने मांडणाऱ्यांत लेस्ली लॅम्पोर्ट या अमेरिकन गणितज्ञाचे नाव मोठे आहे. त्याने आपला सिद्धांत पॅक्सोस नावाच्या ग्रीक बेटावरच्या काल्पनिक लोकसभेच्या गोष्टीच्या रूपात लिहिला. सभासद वारंवार उठून जातात, निरोपे निरोप हरवतात, तरी कायद्याच्या वहीत परस्परविरोधी काही लिहिले जात नाही. युक्ती एवढीच की बहुमताखेरीज काही मंजूर करावयाचे नाही, कारण कोणत्याही दोन बहुमतांत निदान एक सभासद सामाईक असतोच. पंचायतीचे तत्त्व गावगाड्याला परके नाही, पण ते गणिताने सिद्ध करून छापावयास १९९८ साल उजाडले. मौज अशी की गोष्टीरूप लेखनामुळे हा निबंध १९९० पासून आठ वर्षे अडून राहिला होता! आणि गिटहबच्या उदाहरणातली गोम हीच की तेथे बहुमत होते. बहुमताने धनी निवडला तो योग्य रीतीने. पण निवडलेल्या धन्याची वही अपुरी होती. पंच बसले, निवाडा नियमाप्रमाणे झाला, तरी घराचे नुकसान टळले नाही.

आता मुंबईकडे वळू. २४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी राष्ट्रीय शेअर बाजाराचे सौदे थांबले. पुढे बाजाराने जे कारण दिले ते असे : मुंबईतल्याच मुख्य व जवळच्या घरांना जोडणाऱ्या दोन्ही कंपन्यांच्या तारा रस्त्यातल्या खोदकामामुळे बिघडल्या. तारा बिघडल्या तरी मुख्य घराने एकट्याने चालावयास हवे होते. पण वहीचा साठा सांभाळणारी यंत्रणाच भांबावली, आणि जोखमीवर लक्ष ठेवणारा विभाग बंद पडला. म्हणजे दगाफटका होऊ नये म्हणून ठेवलेल्या जोडणीनेच घर बसवले! चेन्नईचे घर उभे होते. पण कारभार तेथे नेला गेला नाही. मुंबईतच दुरुस्ती करून पावणेचार वाजता बाजार उघडला आणि पाच वाजेपर्यंत चालवला. नेहमीची वेळ साडेतीनला संपते. तोवर, बाजार आज उघडत नाही असे समजून, अनेक दलालांनी आपल्या गिऱ्हाइकांचे त्या दिवसापुरतेचे सौदे दुसऱ्या बाजारात, म्हणजे बीएसईत, मिळेल त्या भावाने मिटवून टाकले होते. मागाहून हा बाजार उघडला आणि भाव निराळे निघाले, तेव्हा ज्यांचे नुकसान झाले त्यांना काय सांगावे?

चेन्नईला का नेले नाही, यावर पुष्कळ टीका झाली. मला मात्र त्या दिवशी ज्यांना निर्णय घ्यावा लागला त्यांची थोडी कीव येते. चेन्नईची वही किंचित मागे असणार. मुंबई दहा मिनिटांत उभी राहील असे कोणी तरी सांगत असणार. दहा मिनिटांनी पुन्हा दहा मिनिटे. आपल्या घराला आपणच मृत म्हणणे कठीण असते. आमच्या बँकेतही दर वर्षी एका रविवारी दुसऱ्या घराची रंगीत तालीम होई. एका वर्षी यंत्रे अगदी सज्ज होती, तारा ठीक होत्या. पण 'मुख्य केंद्र बंद झाले' या कागदावर ज्या तीन साहेबांच्या सह्या लागत त्यांपैकी एक कोल्हापूरला भाचीच्या लग्नात अक्षता टाकीत होते. वरातीच्या बँडमध्ये त्यांना टेलिफोनच ऐकू येईना. तालीम दोन तास खोळंबली. हुकूमतपन्हा नेमलेला नव्हता, दुसरे काय!

सेबीने मार्च २०२१ मध्ये जे नियम काढले त्यांत नेमका येथेच हात घातला आहे. महत्त्वाची यंत्रणा बंद पडली की तीस मिनिटांच्या आत तिला आपत्ती म्हणून जाहीर करावे; आणि जाहीर केल्यावर पंचेचाळीस मिनिटांत दुसऱ्या घरातून काम सुरू झाले पाहिजे. दोन्ही घरे शक्यतो निराळ्या भूकंपक्षेत्रांत असावीत. ते न जमल्यास त्यांच्यात निदान पाचशे किलोमीटर अंतर असावे. विचार करण्याची मुदत घड्याळावर बांधून दिली, हे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते.

आणि तालीम कागदावर न राहता प्रत्यक्ष होऊ लागली. शनिवार, २ मार्च २०२४. एरवी शनिवारी बाजार बंद असतो. त्या दिवशी मुद्दाम उघडला. सकाळी पाऊण तास सौदे मुंबईच्या घरातून झाले. मग मध्ये विराम, आणि त्यानंतरचा भाग दूरच्या घरातून. कोणाला धक्का बसू नये म्हणून भावांच्या चढउताराला एरवीपेक्षा आखूड दोर, बहुतेक शेअरांना पाच टक्क्यांचा. मे महिन्याच्या १८ तारखेला, तोही शनिवारच, हाच प्रयोग पुन्हा झाला. घरी बसून एखाद-दुसरा शेअर घेणाऱ्याच्या पडद्यावर त्या दोन भागांत काही फरक दिसला नाही. सोमवारी मुंबईत लोकसभेचे मतदान असल्याने बाजाराला सुट्टी होती. मंगळवारी सकाळी सव्वानऊला तो नेहमीप्रमाणे उघडला.